अजिंठ्याची सावळी राजकन्या आणि कॅमेऱ्याचे गुणोत्तर

'एक्स्पोजर' आणि 'डायनॅमिक रेंज' हे दोन शब्द तुम्ही परीक्षेसाठी व्याख्या म्हणून पाठ केलेले असतात आणि फोनच्या जाहिरातीत आकडे म्हणून वाचलेले असतात. या टिपणात व्याख्या बाजूला ठेवून आपण एकाच भिंतीच्या निरनिराळ्या फोटोंकडे पाहणार आहोत. ही भिंत अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधली आहे. फोटो वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या हातांचे आहेत, काही तर आमच्या विद्यार्थ्यांच्या फोनमधले. त्यांपैकी कोणता फोटो चांगला आणि का, हे सांगायला आवडीनिवडीपलीकडचे काही माप हाती लागते का, एवढाच प्रश्न आहे. लॉगरिदमची तोंडओळख असेल तर पुढचे गणित कठीण जाणार नाही.

मी रायपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. फोटोग्राफी क्लबही माझ्याच गळ्यात आहे. मध्यंतरी एका डिसेंबरात क्लबची सहल अजिंठ्याला नेली. रायपूरहून रेल्वेने नागपूर, अकोला, भुसावळ करत जळगाव, आणि तिथून बस. लेणे १ मध्ये चपला बाहेर काढायच्या, फ्लॅश वापरायचा नाही, आणि मागचे लोक ढकलत असतात, त्यामुळे भिंतीसमोर मिनिटभर उभे राहायला मिळाले तरी नशीब. मुलांनी हात उंच करून फोटो काढले आणि बाहेर आली.

परतीच्या गाडीत फोन इकडून तिकडे फिरू लागले. लेणे १ मधला पद्मपाणी तुम्ही सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेला आहे: झुकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, हातात निळे कमळ. त्याच भिंतीवर, त्याच्या शेजारी, मुकुट घातलेली एक सावळी स्त्री आहे. कृष्णवर्णी राजकन्या म्हणून ती ओळखली जाते. पाठ्यपुस्तकातले चित्र सहसा पद्मपाणीच्या खांद्यापाशीच कापलेले असते, त्यामुळे ती बहुतेकांना ठाऊक नसते. एका मुलाच्या फोटोत पद्मपाणी सुरेख आला होता, पण ती जवळजवळ दिसतच नव्हती. दुसऱ्याच्या फोनने 'नाइट मोड' लावला होता. त्यात भिंत दुपारच्या उन्हात उभी असावी तशी लख्ख दिसत होती आणि राजकन्येचा रंग राखाडी-गव्हाळ झाला होता. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने दोन्ही फोन माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "सर, इसमें तो वो ग़ायब है, और इसमें गोरी हो गई। असली कौन सी है?" मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात तिने हसत हसत पुढचे वाक्य टाकले, "वार्षिकांक में मेरे साथ भी यही हुआ था।"

त्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ मीच केले होते. रोबोटच्या बाजूला उभी असलेली चार मुले, तिघे उजळ रंगाचे आणि ही सावळी. मूळ फोटोत तिचा चेहरा झाकोळलेला होता. मी संगणकावर 'शॅडोज'ची पट्टी उजवीकडे ओढली, चेहरा 'दिसायला' लागला, आणि मी समाधानाने फाईल छापखान्यात पाठवली. छापून आलेला चेहरा तिचा नव्हता, राखेचा होता. तो प्रश्न मला त्या दिवशी गाडीत विचारला गेला, म्हणून हे टिपण.

आधी उजेड मोजू

फोटोच्या फाईलमध्ये कॅमेऱ्याने वापरलेले आकडे लिहिलेले असतात. पहिल्या फोटोचे आकडे असे होते: अॅपर्चर एफ/१.८, शटर १/१० सेकंद, आयएसओ ८००. यावरून ईव्ही, म्हणजे एक्स्पोजर व्हॅल्यू, काढता येते. अॅपर्चरच्या आकड्याचा वर्ग करून त्याला शटरच्या वेळेने भागायचे आणि आलेल्या संख्येचा २ या पायाने लॉगरिदम घ्यायचा. १.८ चा वर्ग ३.२४, भागिले ०.१ म्हणजे ३२.४, आणि त्याचा लॉगरिदम सुमारे ५. पण आयएसओ १०० ऐवजी ८०० होता, म्हणजे आठपट, म्हणजे तीन स्टॉप. ते वजा केले की ईव्ही २ उरते. लेण्याच्या ओसरीबाहेर उन्हात हेच गणित केले तर एफ/१६, १/१०० सेकंद आणि आयएसओ १०० धरून ईव्ही १५ च्या आसपास येते. आत आणि बाहेर यांच्यात तेरा स्टॉपचे अंतर आहे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तेव्हा तेरा स्टॉप म्हणजे २ चा तेरावा घात, ८१९२ पट. लक्समध्ये सांगायचे तर बाहेर सुमारे ऐंशी हजार आणि आत सुमारे दहा. हे ढोबळ आहे, पण फोनच्या खिशातल्या आकड्यांवरून एवढे निघते, हे विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते.

आता इथेच बहुतेक जण घसरतात. 'लेण्यात डायनॅमिक रेंज फार मोठी असते, म्हणून फोटो बिघडतात, म्हणून एचडीआर लागते' असे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचले आहे. ते चूक आहे. डायनॅमिक रेंज म्हणजे एकाच चौकटीतल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागांमधले गुणोत्तर. चौकटीत दार आले, तर प्रश्न तेरा स्टॉपचा. चौकटीत फक्त भिंत असेल तर? भिंतीवर पडणारा उजेड साधारण सारखाच असतो. फरक पडतो तो रंगांच्या परावर्तनाचा. चुन्याचा पांढरा धरा ऐंशी टक्के, काजळीचा काळा धरा चार टक्के. वीसपट, म्हणजे सव्वाचार स्टॉप. साधा फोनसुद्धा एका फोटोत दहाएक स्टॉप पकडतो. म्हणजे अजिंठ्याच्या चित्राला रेंज अपुरी पडत नाही, उजेड अपुरा पडतो. या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांची औषधे वेगळी आहेत.

उजेड कमी म्हणजे फोटॉन कमी. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर त्यांतला स्वाभाविक चढउतार वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० चा असतो, एक टक्का. फोटॉन १०० च असतील तर चढउतार १० चा, दहा टक्के. हाच तो दाणेदारपणा. आता उदाहरणासाठी समजू की पद्मपाणीच्या अंगाचा रंग ४८ टक्के प्रकाश परत फेकतो आणि राजकन्येचा ६ टक्के. आठपट, तीन स्टॉप. पद्मपाणीच्या पिक्सेलला ८००० फोटॉन मिळाले तर तिच्या वाट्याला १००० येतात. त्याचे संकेत-गोंगाट गुणोत्तर ८९, तिचे ३२. एकाच भिंतीवर, एकाच क्षणी, एकाच सेन्सरने तिची नोंद जवळजवळ तिपटीने कच्ची घेतली. यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे मोजणीचे शास्त्र आहे. पण कमी उजेडाची पहिली किंमत नेहमी सावळा रंगच मोजतो, हे लक्षात ठेवा.

त्यात भर घालतो कॅमेऱ्याचा मीटर. त्याला समोर काय आहे ते मुळात माहीत नसते. जग सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून तो आकडे ठरवतो. काळ्या म्हशीने चौकट भरली तर म्हैस राखाडी होते, पांढऱ्या बगळ्याने भरली तर बगळाही राखाडी होतो. म्हशीच्या पाठीवर बगळा बसला असेल तर कोण किती जागा अडवतो यावर निकाल लागतो. आताचे कॅमेरे चेहरे ओळखून यात सुधारणा करतात, पण चेहऱ्याचा रंग कोणता धरायचा हे पुन्हा कोणीतरी आधी ठरवलेले असते. कोडॅकच्या काळात छपाईचा रंग जुळवायला गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले 'शर्ली कार्ड' वापरत. गूगलने २०२१ मध्ये 'रिअल टोन' नावाने त्वचेच्या रंगांसाठी वेगळे काम जाहीर केले, ते याच जुन्या ओझ्यापायी.

माप कोणते

एक्स्पोजर वाढवणे आणि फोटो उजळणे या एकच गोष्टी नाहीत, हे या टिपणाचे मुख्य म्हणणे आहे. सेन्सर रेषीय असतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा देतो. शटर दुप्पट वेळ उघडा ठेवला तर पद्मपाणीचा आकडा दुप्पट होतो आणि राजकन्येचाही. दोघांमधले आठपटीचे गुणोत्तर जसेच्या तसे राहते. हिस्टोग्रामचा आडवा अक्ष स्टॉपमध्ये मांडला तर एक्स्पोजर वाढवल्याने डोंगराचा आकार बदलत नाही, सगळा डोंगर उजवीकडे सरकतो. मात्र तो उजव्या भिंतीला धडकला की तिथली छटा कायमची सपाट होते, याला क्लिपिंग म्हणतात.

'शॅडोज'ची पट्टी असे करत नाही. ती गडद आकडे तेवढे वर उचलते आणि उजळ आकडे जागेवर ठेवते. आठपटीचे गुणोत्तर तिपटीवर येते. डोंगर सरकत नाही, दाबला जातो. आठ बिटांच्या नेहमीच्या जेपीईजी फाईलमध्ये ४८ टक्क्यांचा रंग १८४ च्या आसपास आणि ६ टक्क्यांचा ६९ च्या आसपास यायला हवा. नाइट मोडवाल्या फोनमधल्या फोटोत पद्मपाणी तिथेच होता आणि राजकन्या ११० ला पोचली होती. मध्यम राखाडी ११८ ला असतो. म्हणजे सावळ्या रंगाची 'सावळा' ही ओळखच खोडली गेली.

तेव्हा माझे माप हे: एकाच उजेडात असलेल्या दोन गोष्टींमधले गुणोत्तर फोटोने सांभाळले का? हे माप परिपूर्ण नाही. प्रत्येक कॅमेरा स्वतःच्या वक्राने गुणोत्तरे थोडीफार वाकवतोच, आणि छापील कागदावर पाच-सहा स्टॉपपेक्षा जास्त मावत नाही. दार आणि भिंत एका चौकटीत हवी असेल तर तेरा स्टॉप दाबल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथे कोणत्या गुणोत्तराचा बळी द्यायचा ही छायाचित्रकाराची निवड आहे. पण जिथे दाबण्याची गरजच नव्हती तिथे दाबले असेल तर तो दोष मानला पाहिजे. या मापाने आता जुन्या मंडळींकडे पाहू.

गिलपासून याझदानीपर्यंत

मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रे नकलण्याच्या कामावर नेमला गेला. पारो आणि गिलची गोष्ट ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो भाग आपल्या विषयाचा नाही. आपल्या विषयाचा भाग असा की गिलकडे कॅमेरा होता आणि तो वापरण्यात तो वाकबगार होता. १८६४ मध्ये लंडनला फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालेल्या त्याच्या पुस्तकात लेण्यांची ७४ छायाचित्रे आहेत. पण भित्तिचित्रे मात्र त्याने तैलरंगात हाताने नकलली. का? उजेड कमी होता हे उघड आहे. दुसरे कारण रसायनात आहे. तेव्हाची ओली कोलोडियन प्लेट निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागी व्हायची, तांबड्याला आंधळी होती. अजिंठ्याचा निम्मा संसार गेरूचा आणि पिवळ्या मातीचा. त्या प्लेटवर गेरूचे अंग कोळशासारखे उमटले असते आणि निळे कमळ फिकट पडले असते. म्हणजे छटांचा पल्ला कितीही असला तरी कोणता रंग कोणत्या छटेत उतरतो हे आधी पाहावे लागते. फोगेलने १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून प्लेटची नजर हिरव्याकडे वाढवली, तोवर ही अडचण सुटायला सुरुवातही झाली नव्हती.

गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधला खंड धरून, नकला करत राहिले. त्यातल्या पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. दोनदा आग. इतके होऊनही भिंत तिथेच होती, आणि तिच्यावर पुढचा घाव घातला तो तिला वाचवायला आलेल्यांनी. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी, सुटणारा गिलावा पक्का केला ते चांगलेच झाले, पण चित्रांवर शेलॅकचा हातही फिरवला. शेलॅक म्हणजे लाख. आमच्या छत्तीसगडात कुसुम आणि पळसाच्या झाडांवर लाखेचे किडे पोसतात, त्यामुळे वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले जरा सावरून बसतात. लाखेचा पातळ थर सुरुवातीला रंग गडद आणि तजेलदार करतो. काही वर्षांत तो पिवळा पडतो, निळा प्रकाश गिळतो, वर चकाकीही धरतो. पांढरे पिवळट झाले, निळे काळपट झाले. चित्राच्या उजळ टोकाला खाली ओढणारा आणि चकाकीने गडद टोकाला वर उचलणारा हा थर म्हणजे भिंतीवरच बसवलेले टोन-मॅपिंग होते. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते काढत बसावे लागले.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व विभागाचे गुलाम याझदानी यांचे 'अजंठा' १९३० ते १९५५ मध्ये चार भागांत निघाले. त्यातील रंगीत आणि एकरंगी चित्रे ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांवरून केलेली आहेत. ग्रंथ मोठ्या आकाराचा आहे, आणि एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाला तर एकरंगी पाने आवर्जून पाहा. रंगीत पानांचे रंग त्या काळच्या तीन-रंगी छपाईचे आहेत आणि आज डोळ्याला पटत नाहीत. पण एकरंगी पानांत छटांची उतरंड पाहायला मिळते. रंगाचा मोह नसल्यामुळे नजर सरळ छायाप्रकाशाकडे जाते. मला स्वतःला विद्यार्थ्यांना छटा शिकवायला आजच्या बहुतेक रंगीत कॅलेंडरांपेक्षा ही पाने बरी वाटतात.

बहल यांची छायाचित्रे

बिनॉय के. बहल यांनी १९९१ मध्ये अजिंठ्याची चित्रे प्रखर दिवे न लावता, अगदी मंद प्रकाशात, दीर्घ एक्स्पोजर देऊन टिपली. १९९८ मध्ये लंडनच्या थेम्स अँड हडसनने त्यांचे पुस्तक काढले, आणि जानेवारी २००८ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये ती छायाचित्रे जगभर पोचली. आजचा वाचक अजिंठ्याचे रंग म्हणून जे डोळ्यांपुढे आणतो त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर बहल यांनी नेमके योग्य औषध निवडले. व्याधी उजेडाची होती, रेंजची नव्हती. म्हणून त्यांनी वेळ वाढवला. तेव्हा फिल्म होती, आणि फिल्मचे एक दुखणे असे की उजेड फार कमी झाला की ती आळसावते. हिशेबाने चार सेकंद पुरायला हवेत तिथे जास्त वेळ द्यावा लागतो, आणि रंगांचे तिन्ही थर सारख्याच प्रमाणात आळसावत नाहीत म्हणून रंगही सरकतो. हे सांभाळून काम करणे चिकाटीचे आहे. आपला डिजिटल सेन्सर यातून सुटला आहे; तो दहा सेकंदांतही सरळ रेषेत मोजतो. बहल यांच्या पानांवर मुकुटाची नक्षी, केसांत माळलेली फुले, गालाखालची मऊ सावली वेगवेगळी दिसते. सावळ्या अंगांत छटा शिल्लक आहेत. माझ्या मापाने ही छायाचित्रे उत्तम उतरतात.

तरी एक तक्रार. त्या पुस्तकातली बरीच पाने चित्राचा जवळून घेतलेला भाग दाखवतात. चेहरा पान भरून आलेला आणि प्रकाश सगळीकडे समतोल. पाहणाऱ्याला चित्र मिळते, पण लेणे मिळत नाही. प्रत्यक्षात आपण उन्हातून ओसरीत येतो, दाराशी थबकतो, डोळे स्थिरावायला काही मिनिटे जातात, आणि मग भिंत हळूहळू उमलते. आधी नाकावरचा आणि ओठावरचा पांढरा ठिपका दिसतो, मागून चेहरा येतो. चितारी सावळ्या चेहऱ्यांवरही असे उजळ ठिपके देत असत. मंद उजेडात उठाव कसा आणायचा याची त्यांना पक्की जाण होती असे मला वाटते. समतोल उजळलेल्या फोटोत तो ठिपका दागिन्यासारखा वाटतो. अंधारात तो काम करताना दिसतो. बहल यांनी हे मुद्दाम टाळले असे मी म्हणत नाही, त्यांचे उद्दिष्ट चित्राची नोंद हे होते. पण त्यांच्यामागून आलेल्या कॅलेंडरवाल्यांनी आणि पर्यटनाच्या पत्रकांनी तो उजळपणा तेवढा उचलला, संयम घेतला नाही.

फोनने काय केले

नाइट मोडवर सरसकट टीका करणे सोपे आहे, आणि अर्धे चूकही. ईव्ही २ च्या उजेडात एफ/१.८ ला आयएसओ १०० वर ०.८ सेकंदांचे एक्स्पोजर लागते. हातात धरून ते जमणार नाही, आणि तिपाईला परवानगी लागते. फोन मग युक्ती करतो. एक लांब फोटो घेण्याऐवजी अनेक आखूड फोटो भराभर घेतो, एकावर एक जुळवतो आणि बेरीज करतो. बेरजेत संकेत फोटोंच्या संख्येइतका वाढतो आणि गोंगाट संख्येच्या वर्गमुळाइतकाच. सोळा फोटो जुळवले तर गुणोत्तर चौपट सुधारते. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली एचडीआर-प्लस पद्धत अशाच मुद्दाम कमी एक्स्पोजरच्या फोटोमालिकेवर उभी आहे. इथपर्यंत फोन बहल यांच्याच वाटेने चालला आहे आणि मी त्याला शंभरपैकी शंभर देईन.

बिघडते ते पुढच्या पायरीला. बेरीज झालेल्या चित्रावर फोन स्थानिक टोन-मॅपिंग करतो. म्हणजे प्रत्येक भागाची तुलना आसपासच्या भागाशी करून गडद भाग उचलतो, उजळ भाग दाबतो. चौकटीत दार असते तर हे समजण्यासारखे होते. इथे सव्वाचार स्टॉपची साधी भिंत होती. पण फोनला 'अंधार' दिसला की तो 'अडचण' समजतो. त्याला शिकवलेच तसे आहे, कारण विकत घेणारा दुकानात दोन फोन शेजारी धरतो आणि उजळ पडद्याचा निवडतो. त्या मुलाच्या फोटोत राजकन्येच्या खांद्याभोवती फिकट वलयही होते. ही स्थानिक टोन-मॅपिंगची सही आहे. एकदा ओळखायला शिकलात की लग्नाच्या अल्बमपासून निवडणुकीच्या फलकांपर्यंत सगळीकडे दिसेल.

पहिल्या मुलाचा फोटो, ज्यात ती दिसतच नव्हती, त्याचे काय? त्यात गुणोत्तर शाबूत होते, पण सगळाच डोंगर डावीकडे पडला होता. दरवाज्याची उजळ कड चौकटीच्या कोपऱ्यात आल्यामुळे मीटर फसला होता. तिचा आकडा गोंगाटात बुडाला. हा फोटो खोटा नव्हता, अर्धपोटी होता. खोट्या फोटोपेक्षा मी तो बरा मानतो, कारण तसला फोटो रॉ फाईलमध्ये असता तर थोडेतरी वाचवता आले असते. थोडेच, हे मात्र खरे. बारा बिटांच्या रेषीय फाईलमध्ये ४०९६ पायऱ्या असतात. त्यांतल्या २०४८ सर्वांत उजळ स्टॉपमध्ये खर्च होतात, १०२४ त्याखालच्यात, आणि सहाव्या स्टॉपला पोचेपर्यंत ६४ च उरतात. म्हणून उजळ टोक न जाळता डोंगर शक्य तितका उजवीकडे ठेवून फोटो घ्यायचा आणि घरी आल्यावर सगळाच्या सगळा खाली आणायचा. लेण्यात हे करायला फोनच्या पडद्यावर राजकन्येच्या चेहऱ्यावर बोट ठेवून मीटर लावायचा, आणि मग ती मध्यम राखाडी होऊ नये म्हणून एक्स्पोजरची पट्टी थोडी खाली घ्यायची. पूर्ण दीड स्टॉप नको. अर्धा-पाऊण स्टॉप पुरतो, उरलेला संगणकावर.

मी त्या मुखपृष्ठाची मूळ फाईल पुन्हा उघडली. या वेळी 'शॅडोज'ला हात लावला नाही. सगळ्या चित्राचे एक्स्पोजर पाऊण स्टॉप वाढवले; मागच्या खिडकीचे आभाळ जळून पांढरे झाले, ते होऊ दिले. खिडकीतले आभाळ कोणी पाहत नाही. तिचा चेहरा गडद राहिला, पण त्यात गाल, कपाळ आणि हनुवटीची वळणे परत आली. हे तेव्हाही दोन मिनिटांचेच काम होते.

स्वाध्याय म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना सिरपूर दिले होते. रायपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, महानदीकाठी. तिथले लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले, विटांचे. राणी वासटाने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधलेले. दुपारच्या उन्हात विटा तांबड्या पेटलेल्या असतात आणि गाभाऱ्याचे दार काळे. प्रत्येकाने तीन फोटो आणायचे: एक विटांसाठी, एक गाभाऱ्यासाठी, आणि एक दोन्ही धरून, शिवाय प्रत्येकाची ईव्ही आणि हिस्टोग्राम. तुम्ही देशात कुठेही असा, उन्हातले दगड आणि काळोखा गाभारा तुमच्या गावात मिळेलच. आपापला जोड शोधा. बहुतेकांनी तिसऱ्या फोटोत एचडीआर वापरून गाभारा उजळला. त्या मुलीने तो काळाच ठेवला आणि टिपणात लिहिले की बाहेर उभे राहून मला आतले दिसत नव्हते.

या वर्षीच्या वार्षिकांकाच्या फाईली तिच्याकडे दिल्या आहेत. तिने सर्वांत आधी विचारले ते हे, की छापखाना कोणता कागद वापरणार, कारण त्या कागदावरचा काळा नक्की किती काळा असतो ते तिला मोजायचे आहे.